घर पाहून राहिलो

नोकरी संपत आली तेव्हा सदर भागातल्या आमच्या ऑफिसातले, चहाच्या टपरीवरचे, भाजीबाजारातले, झाडून सगळे मला एकच विचारायचे, की भाऊ, क्वार्टर सोडल्यावर जाणार कुठं? सगळी हयात सरकारी क्वार्टरात गेल्यामुळे स्वतःचं घर नावाची वस्तू आम्ही कधी घेतलीच नव्हती. मीही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "घर पाहून राहिलो." नागपुरात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घर शोधणं चालू आहे, अजून मिळालेलं नाही, एवढाच.

माझी बायको मात्र साताऱ्याची. तिच्या माहेरी हेच वाक्य म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, या गृहस्थाने घर पाहिलं, त्याला ते आवडलं आणि तो तिथंच राहिला. या एका क्रियापदाने आमच्या संसाराच्या पहिल्या आठवड्यातच घोटाळा केला होता. मी पाटावर बसलो होतो. तिने आतून विचारलं, आणखी पोळी टाकू का? मी म्हणालो, "मी जेवून राहिलो." म्हणजे जेवतोय, टाक. तिने ऐकलं ते असं, की यांचं जेवण झालं, आता नुसते बसून राहिलेत. तिने तवा उतरवला, हात धुतले आणि बाहेर येऊन माझ्या रिकाम्या ताटाकडे पाहत उभी राहिली. मी तिच्याकडे पाहत बसलो. नवीन लग्न, विचारायचं कुणी? त्या रात्री मी अर्धपोटी झोपलो आणि हा माणूस फारच कमी खातो अशी तिची समजूत झाली.

पुढे ती आमची बोली शिकली, म्हणजे समजायला शिकली. बोलायची मात्र आपलीच. माझी टर उडवायची संधी सोडायची नाही. मी ऑफिसातून फोन करून "येऊन राहिलो" म्हणालो की घरी गेल्यावर ठरलेलं वाक्य यायचं, की आमच्याकडे येऊन राहिलेला माणूस समोर दिसतो, तुमच्याकडे येऊन राहिलेला माणूस अजून चपला शोधत असतो. खोटं नव्हतं ते. मी फोन ठेवल्यावरच चपला शोधायचो.

आमचं क्वार्टर सिव्हिल लाइन्सच्या अंगाला होतं. तिथून सदरपर्यंत रस्ता सपाट, रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंबाची आणि चिंचेची जुनी झाडं. नोकरीभर मी सायकलनेच गेलो. त्यामागे काही थोर विचार नव्हता. सायकल होती, रस्ता चांगला होता, पेट्रोल लागत नव्हतं. बरोबरचे लोक स्कूटरवर गेले, मग गाडीत गेले, आणि मी ऑफिसात सायकलवाले म्हणून राहिलो. आता सायकलीला चांगले दिवस आलेत. घट्ट रंगीत कपडे घातलेले डॉक्टर आणि वकील रविवारी सकाळी फुटाळा तलावाच्या बाजूने झुंडीने जातात, दर दहा मिनिटांनी मनगटाकडे बघतात आणि शेवटी ठेल्यावर थांबून पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतून घेतात. जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट खातात. मी त्यांना मनसोक्त नावं ठेवतो. आणि रविवारी त्यांच्याबरोबर जातोही, कारण तर्री चांगली असते.

बायकोला सायकल मी शिकवली. साताऱ्यात तिच्या भावाकडे सायकल होती, पण तिच्या वाट्याला कधी आली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे सायकल चढावर ढकलायची असते आणि उतारावर देवाचं नाव घ्यायचं असतं, त्यामुळे बायकांनी त्या भानगडीत पडूच नये असा रिवाज होता. इथं आल्यावर तिने पाहिलं, तर कॉलेजच्या पोरींपासून केस पिकलेल्या नर्सबाईंपर्यंत सगळ्या सायकलवर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, सकाळी रस्ते मोकळे असताना, पदर खोचून ती शिकायला लागली. मी कॅरिअर धरून मागे पळायचो. एक दिवस मी हात सोडला, तिला ते कळलं आणि ती थेट एका बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणात गेली. चौकीदार हसायला लागला. मी धावत पोचेपर्यंत तिने सायकल बाहेर ओढली होती, चेन बसवली होती आणि ती पुन्हा सीटवर होती. केसांत मेंदीची पानं अडकलेली. लग्न आमचं आधी झालं होतं, पण ही बाई मला आवडली ती त्या कुंपणापाशी. तिला हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने चौकीदाराचं नाव काढून माझी टर उडवली असती.

मग ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागली आणि सायकलने जायला लागली. पुढे टोपली, मागे कॅरिअर, आणि एक घंटी, जी ती रस्त्यावर कुत्रंही नसताना वाजवायची. रविवारी अंगणात बसून चेनला तेल स्वतः घालायची, मला हात लावू द्यायची नाही. हे सगळं मी रोज बघत होतो. तरी आमच्या घरात सायकल हे माझंच खूळ आहे, असं मी धरून चाललो होतो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुरुषांना काही गोष्टी आपल्याच नावावर वाटतात.

आता वचनाचं सांगतो, कारण पुढचा सगळा प्रकार त्यामुळे झाला. मुलगी लहान असतानाचा एक मे महिना. नागपूरचा मे काय असतो ते इथल्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. ऐन दुपारी कूलरची मोटर जळाली. वाळ्याच्या ताट्या कोरड्याठाक, बाजारात मिस्त्री मिळेना. बायको डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मोरीच्या फरशीवर बसली होती. तिथूनच मला म्हणाली, तुमची नोकरी संपली की मी एक दिवससुद्धा या भट्टीत राहणार नाही, मला माझ्या गावाला घेऊन चला. मला तिची इतकी दया आली की मी तिच्या शेजारी फरशीवर बसून म्हणालो, "रिटायर झालो का तुह्या गावाले जाऊ. आपला शब्द." तिने नंतर तो विषय कधी काढला नाही. पण मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द विसरण्याइतका मी मोठा माणूस झालो नाही.

तर निवृत्तीनंतर कुठं राहायचं याला अटी अशा. पेन्शनीत आणि फंडाच्या पैशात बसलं पाहिजे. सायकल चालवता आली पाहिजे, म्हणजे रस्ता सपाट हवा, सकाळची सावली हवी आणि मागून ट्रकने भोंगा मारता कामा नये. आणि बायकोचं मन लागलं पाहिजे. मुलगी पुण्यात असते. तिने तिकडे बोलावलं, पण तिथले भाव ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि तिथला ट्रॅफिक बघून सायकलीनेच घरी थांबायचं ठरवलं असतं.

आधी आम्ही नागपूरजवळच्या सावनेरला गेलो. ऑफिसातला एक मित्र तिथला. त्याने सांगितलं होतं, की तिथं बैठं घर मिळतंय, आंगण आहे, पेरूचं झाड आहे, आणि भाव असा की ऐकून हसू येईल. सगळं खरं होतं. पेरू तर त्याने तोडूनच दिले. मी त्याची सायकल घेतली आणि गावाबाहेर निघालो. गल्लीपर्यंत सुख होतं. मोठ्या रस्त्याला लागलो आणि कोळशाचे ट्रक सुरू झाले, एकामागे एक, आणि त्यांच्या मध्ये कापसाने फुगलेले ट्रॅक्टर. मी रस्त्याच्या कडेने नाही, कडेच्याही कडेने, काट्याकुट्यांतून परत आलो. रुमालाने तोंड पुसलं तर रुमाल काळा. बायको ओट्यावर पेरू खात बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, चेहऱ्यावरूनच कळलं, घर मिळालं नाही. मित्राला वाईट वाटू नये म्हणून आम्ही पेरूची फार तारीफ केली.

मग साताऱ्याला गेलो. खरं तर मनाने मी साताऱ्याचं ठरवूनच टाकलं होतं. बायकोच्या धाकट्या भावाने घरावर मजला चढवला होता. दोन खोल्या, मोठी गच्ची, समोर किल्ल्याचा डोंगर. भाडं म्हणून तो जे बोलला ते इतकं थोडं होतं की मला लाज वाटली. तो म्हणाला, आक्का आली म्हणजे घर भरलं, बाकी तुम्ही बघा दाजी. हवा तर अशी की दुपारीसुद्धा अंगावर शाल घ्यावी. मला वाटलं, झालं, हिचे पांग फिटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भावाच्या घरच्या दोन सायकली घेऊन बाजारात गेलो. जाताना काही करावंच लागलं नाही. उतारावर सायकल आपोआप सुटली, वारा कानात भरला, आणि वाटेतल्या ओळखीच्या बायका हिला हाका मारत होत्या. येताना चढ लागला. मी सीटवरून उठून, दात खाऊन, कमरेतून मोडून कसाबसा अर्ध्यापर्यंत चढवला आणि उतरलो. मागे वळून पाहिलं, तर बायको माझ्या कितीतरी आधी उतरली होती. भाजीची पिशवी हँडलला अडकवून सायकल ढकलत, खाली मान घालून चालली होती. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. सायकल भिंतीला लावली आणि गच्चीवर जाऊन डोंगराकडे बघत बसली. मला वाटलं, माहेरच्या रस्त्यावर इतक्या वर्षांनी चालली, गहिवरली असेल. मी तिला त्रास दिला नाही. रात्री भावाने विचारलं, दाजी, झेपेल का आमचा चढ? मी म्हणालो, "काय मस्त व्यायाम होते, बाप्पा." माझ्या मांड्या तेव्हा थरथरत होत्या.

पेन्शनच्या कागदांसाठी मी आधी परतलो. संक्रांत तोंडावर होती, म्हणून बायको हळदीकुंकवापुरती तिकडेच राहिली. इथं आल्यावर मी सामान आवरायला घेतलं. सायकलीचं काय करावं, हा प्रश्न होता. तिची कुणाला तरी देऊन टाकू आणि माझी ठेवून देऊ, चढावर ढकलायला का होईना, असा विचार चालला होता. त्यातच सावनेरवाल्या त्याच मित्राचा फोन आला. मनीषनगरात त्याच्या ओळखीतला एक फ्लॅट निघाला होता. म्हणाला, नुसतं पाहायला काय लागते गा, चाल. मी गेलो. खरंच नुसतं पाहायला गेलो होतो.

मनीषनगर म्हणजे आमच्यासारख्या सिव्हिल लाइन्सवाल्यांना परदेश. वर्धा रोडच्या पलीकडे, रुळांच्याही पलीकडे. मला वाटलं होतं, नुसत्या इमारती असतील. इमारती होत्याच. मोठे रस्ते सिमेंटचे, ज्यांचा मला भयंकर राग आहे, कारण ते उन्हात तव्यासारखे तापतात आणि त्यांच्या सांध्यात सायकलचं चाक अडकतं. पण आतल्या गल्ल्या वेगळ्या निघाल्या. बंगल्यांच्या कुंपणांवरून बोगनवेल बाहेर आलेली, बदाम आणि कडुनिंब, आणि सरळ निघालं की बेसा गावाकडे मोकळं आभाळ. रस्ता पाटासारखा सपाट. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही, म्हणून भाव आवाक्यातला. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, लेकाकडे चाललेले. त्यांनी आधी किचन नाही, बेडरूम नाही, जिन्याखालची जागा दाखवली. तिथं भिंतीत कड्या ठोकून सायकली लावायची सोय केलेली होती. दोन सायकलींची. माझा पाय तिथून निघेना.

साताऱ्याचं ठरलेलं आहे, हे मी मनाला बजावलं. पण लपवाछपवी मला जमत नाही. संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. बायकोचा मोबाइल घरीच चार्जिंगला होता आणि ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. फोन भावाने घेतला. मी म्हणालो, "तिले सांगजो, मनीषनगरात घर पाहून राहिलो." तो म्हणाला, बरं बरं, सांगतो दाजी. त्याचा आवाज जरा पडलेला वाटला. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

बायकोचा उलटा फोन आला तो तिळगुळाचा. घराचं काही बोलली नाही. आठवड्याने ती आली. स्टेशनवर मी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि चालता चालता तिने सांगितलं, की भावाने वरच्या खोल्या एका मास्तरांना भाड्याने दिल्या. त्यांचं सामानसुद्धा आलं. मी पिशवी घेऊन तसाच उभा. लोक धक्के मारून जायला लागले. मी विचारलं, आपल्यासाठी ठेवल्या होत्या ना? ती म्हणाली, "तुम्हीच कळवलंत ना, घर बघून राहिलो म्हणून. त्याला वाटलं, राहिलात."

काय झालं ते माझ्या डोक्यात उतरायला दोन प्लॅटफॉर्म लागले. ज्या क्रियापदाने मला पहिल्या आठवड्यात अर्धपोटी झोपवलं होतं, त्यानेच म्हातारपणी बायकोचं माहेर घालवलं. मी तिथल्या तिथे भावाला फोन करायला निघालो, तर तिने अडवलं. आलेल्या माणसाला काय बाहेर काढायचं, म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की रिक्षात मी तिची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. ती बाहेर बघत होती. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी लपवते आहे.

मनीषनगरचा फ्लॅट आम्ही घेतला. दुसरं काही उरलंच नव्हतं. तिने जिन्याखालची जागा पाहिली, एका कडीला हात लावून ती हलते का बघितलं, आणि "बरं आहे" म्हणाली. मला ते "बरं आहे" सुरीसारखं लागलं.

मग मी प्रायश्चित्ताला लागलो. पहिलं म्हणजे भाषा सुधारली. राहणं बंद. मी जेवतोय, मी येतोय, मी वाचतोय, असं शाळेच्या पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलो. पोह्यांच्या ठेल्यावर एकदा "खातोय" म्हणालो, तर सगळे घास थांबवून माझ्याकडे बघायला लागले. मित्र म्हणाला, "काहून गा, बिमार आहे का?" मी कारण सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या आत नवा कूलर आणला, चांगला मोठा, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यात पाणी मी स्वतः भरायचो. भाजी चिरून द्यायला लागलो. रोज दुपारचा चहा माझ्याकडे. आणि बेसाच्या रस्त्याला ती माझ्या पुढे गेली तर मी तिला गाठायचा प्रयत्न करत नव्हतो. खरं तर तिला गाठणं मला तसंही जमत नव्हतं. नव्या रस्त्यावर तिला काय झालं होतं कोण जाणे. घंटी वाजवत सुसाट निघायची.

ती हे सगळं गोड मानून घेत होती. कधी कधी माझं "येतोय" ऐकून तोंड फिरवायची. मला वाटायचं, अजून राग आहे.

पुढच्या हिवाळ्यात, संत्री आली तेव्हा, साताऱ्याहून भाऊ आला. सकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. खाली बायकोने जिन्याखालून सायकल काढली, टोपलीत दुधाची बरणी ठेवली आणि निघाली. तो कठड्यावरून वाकून, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. म्हणाला, आमची आक्का अशी सायकल चालवते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मग मला राहवलं नाही. मनातलं सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. म्हणालो, माझ्या बोलण्यामुळे तुझा घोटाळा झाला, आणि तुझ्या बहिणीचं हक्काचं घर गेलं, मला माफ कर.

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "दाजी, मला कळलं नव्हतं हे खरं. पण मी आक्काला विचारलं की. म्हटलं, दाजी तिकडं घर बघून राहिले, आता वरची जागा काय करायची? ती हसायलाच लागली. म्हणाली, अरे, राहिले नाहीत, अजून बघतायत. त्यांची बोलायची तऱ्हाच तशी आहे. मी म्हटलं, मग ठेवतो तुमच्यासाठी. तर म्हणाली, नको, ते मास्तर जागा विचारतायत ना, त्यांना दे."

माझ्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. खाली घंटी वाजली. ती वर आली, दुधाची बरणी ओट्यावर ठेवली, आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून तिला काय ते कळलं. भाऊ शहाणा. आंघोळीला जातो म्हणून उठला.

मी स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "म्हणजे तुले माहीत होतं."

ती दूध पातेल्यात ओतत होती. म्हणाली, इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढून मला राहिलो समजत नाही, असं वाटलं काय तुम्हाला?

"मग सांगितलं काहून नाही मले?"

तिचं पहिलं उत्तर ऐकून मला राग आला. म्हणाली, कशाला सांगू? कूलर आला, भाजी चिरून मिळायला लागली, दुपारचा चहा हातात. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच पूर्वीसारखे झाला असता. मी म्हणालो, की वर्षभर मी झुरतोय आणि तुला चेष्टा सुचते. त्या उन्हाळ्यात मोरीत बसून गावाला घेऊन चला म्हणालीस ते खोटं होतं का? ती म्हणाली, मोटर जळाली होती हो, त्या दिवशी मी कुणालाही काहीही बोलले असते.

मग तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

"त्या चढावर मी सायकलवरून उतरले ना, तेव्हाच ठरलं माझं," ती म्हणाली. "तिथं राहिले असते तर रोज उतरले असते. पण तुम्ही शब्द दिलेला. तुम्ही तो मोडला असता तर मला लागलं असतं. मी मोडा म्हणाले असते, तर माहेर नको म्हटल्यासारखं झालं असतं, भावाला लागलं असतं. तेवढ्यात तुमचा फोन आला. म्हटलं, जाऊ दे, भाषेवर ढकलू. कुणालाच लागायचं नाही."

मी म्हणालो, मला लागलं ना. ती म्हणाली, ते दिसत होतं, त्याचं मला वाईट वाटत होतं, पण तुम्ही तर असं धरून चाललेलात की सपाट रस्ता हवा तो तुम्हालाच. सायकल काय तुमची एकट्याची आहे?

मेंदीच्या कुंपणातून सायकल बाहेर ओढणारी ती बाई माझ्यासमोर उभी होती, केस पिकलेले, चेनच्या तेलाचा काळा डाग नखाला. मी तिला सांगितलं, तेव्हाचं कुंपण, तेव्हा मला काय वाटलं होतं ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तिने चौकीदाराचं नाव काढलं नाही.

"मी तर केव्हाच येऊन राहिले," ती म्हणाली. "तुमच्या मराठीतलं नाही. आमच्या."

दूध वर आलं, तिने ते उतरवलं. भाऊ आंघोळ करून आला आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. चहा तिनेच केला, त्यावरून माझे चांगले दिवस संपल्याचं मी ओळखलं.

ऊन तापायच्या आत बेसाकडे एक चक्कर मारून यायचं ठरलं. ती आधी खाली गेली. जिन्याखालून सायकल काढल्याचा आवाज आला, मग घंटी, मग हाक, की येताय ना?

"येऊन राहिलो," मी गॅलरीतून ओरडलो, आणि चपला शोधायला लागलो.